नवी गिटार घेताना: साखळीचे शोरूम, घरपोच खोके आणि छोटे दुकान

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सुरू झालेली माझी गिटारखरेदी जूनच्या अखेरीस पूर्ण झाली. या काळात मी एका मोठ्या साखळीचे शोरूम, त्याच साखळीची ऑनलाइन विक्री आणि गिटारदुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांचे छोटे दुकान, अशा तिन्ही ठिकाणी व्यवहार करून पाहिला. मोठे दुकान बरे की छोटे, हा प्रश्न मनात घेऊनच मी बाहेर पडले होते. व्यवहार पुढे सरकू लागला तशी त्या प्रश्नाची धार कमी झाली आणि दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला: कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेली गिटार माझ्या हातात पडेपर्यंत तिच्याकडे कोण बारकाईने पाहणार आहे, आणि पुढे हवामान बदलल्यावर ती बिनसली तर मी कोणाकडे जाणार आहे? शिकाऊ गिटार बाजूला ठेवून पहिले चांगले वाद्य घेण्याच्या विचारात जे आहेत, त्यांना या वाटेवर थोडा आधार मिळावा म्हणून सगळा क्रम तपशिलांसह लिहीत आहे.

माझी जुनी गिटार लॅमिनेटची, म्हणजे लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या टॉपची (पुढच्या पाटाची) होती. अशी गिटार दणकट असते, हवेतील फरक सहन करते, पण तिचा आवाज एका मर्यादेपुढे खुलत नाही. मला स्प्रूस लाकडाचा सॉलिड, म्हणजे थरांचा नसलेला, टॉप असलेली, पोलादी तारांची अकूस्टिक गिटार हवी होती. दुकानात जाण्याआधी मी एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढल्या: शरीराचा आकार, नटची (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी आणि स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची (शरीरावर तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतची) तारेची लांबी. पोलादी तारांच्या गिटारींमध्ये नट साधारणपणे ४३ किंवा ४४.५ मिलिमीटर रुंद असतो. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो, परंतु उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडणाऱ्याला आणि ज्याची डाव्या हाताची बोटे जाड आहेत त्याला तो लगेच जाणवतो. स्केलचेही तसेच आहे. फेंडरच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींचे स्केल २५.५ इंच आणि गिब्सनच्या अनेक गिटारींचे सुमारे २४.७५ इंच असते. स्केल कमी असेल तर त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावूनही हाताखाली थोड्या सैल लागतात. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, मात्र प्रत्येक गिटार हातात घेतल्यावर ते टिपून ठेवले तर आपल्याला नेमके काय आवडते आहे हे घरी आल्यावर समजते.

शोरूममध्ये मी मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेले, आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. सुटीच्या दिवशी तिथे एकाच वेळी इतकी माणसे वाजवत असतात की गिटारचा टॉप कसा बोलतो हे ऐकूच येत नाही. मोठ्या दुकानाचे खरे सामर्थ्य त्याच्या भिंतीवर टांगलेले असते. ड्रेडनॉट, त्याहून लहान ऑडिटोरियम आणि आणखी लहान पार्लर असे सगळे आकार शेजारी शेजारी वाजवून पाहण्याची संधी दुसरीकडे सहसा मिळत नाही. ड्रेडनॉट हा आकारच मुळी एका विक्रेत्याच्या मागणीतून बाजारात आला. मार्टिन कंपनीने १९१६ साली तो प्रथम डिट्सन या विक्रेत्यासाठी बनवला आणि स्वतःच्या नावाने १९३१ पासून विकायला सुरुवात केली. मला मात्र त्याची रुंद कंबर मांडीवर अवघड वाटली. उजवा खांदा वर उचलला जात होता आणि थोड्याच वेळात दुखू लागला. लहान आकार, ४४.५ मिलिमीटरचा नट आणि सॉलिड टॉप हे उत्तर मला त्या भिंतीसमोरच मिळाले, आणि त्यासाठी मी त्या शोरूमची ऋणी आहे.

टांगलेल्या गिटारींची एक अडचण लक्षात ठेवायला हवी. त्या अनेक हातांखालून गेलेल्या असतात, तारा गंजून मंद झालेल्या असतात आणि सूर उतरलेला असतो. म्हणून आवाजावरून निकाल देण्याआधी मी प्रत्येक गिटार स्वतः सुरात लावून घेत होते. तिथल्या मुलाने मला ट्यूनर आणून दिला, बसायला हात नसलेली खुर्ची दिली आणि शांतपणे वेळ दिला. ‘विकण्याआधी याचा सेटअप होतो का?’, म्हणजे तारांची उंची आणि मानेचा बाक वाजवण्याजोगा जुळवून देतात का, असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले की कारखान्यातून जशी येते तशीच दिली जाते. सेटअप हवा असेल तर वेगळे पैसे भरून दुरुस्ती विभागात गिटार ठेवावी लागेल आणि तिथे साधारण दोन आठवड्यांची रांग आहे. हा खर्च गिटारच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी, हे मी तेव्हाच वहीत लिहून ठेवले.

तिथे मला वाढीव वॉरंटीही सुचवण्यात आली. मी तिचा छापील कागद मागून घेतला आणि घरी नेऊन वाचला. फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) झीज, तारा, आणि हवेतील कोरडेपणामुळे किंवा ओलाव्यामुळे लाकडाला पडलेल्या भेगा यांतले काहीही त्यात मोडत नव्हते. सॉलिड टॉपच्या गिटारला सर्वांत मोठा धोका कोरड्या हवेचा असतो, तेव्हा ज्या गोष्टीची मला भीती होती तीच वगळलेली होती. कारखान्याची मूळ वॉरंटीसुद्धा बहुधा पहिल्या खरेदीदारापुरती आणि अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या गिटारपुरतीच असते. म्हणून दुकान मोठे असो वा छोटे, कंपनीच्या संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे पाहून घ्यावे. या तपासणीला काही मिनिटेच लागतात.

किमतींची तुलना करताना मी सुरुवातीला गोंधळले, कारण एकाच मॉडेलची किंमत बहुतेक ठिकाणी अगदी सारखी दिसत होती. त्यामागे व्यापाराची रीत आहे. अमेरिकेत अनेक उत्पादक विक्रेत्यांना जाहिरातीतील किमान किंमत ठरवून देतात. त्याखालची किंमत जाहीर करता येत नाही, मात्र समोरासमोरच्या व्यवहारात काय द्यायचे हा दुकानदाराचा प्रश्न राहतो. ब्रिटनमध्ये याहून पुढे जाऊन प्रत्यक्ष विक्रीची किंमत बांधून देणे बेकायदेशीर आहे, आणि २०१३ ते २०१८ या काळात ऑनलाइन विक्रेत्यांना किंमत उतरवू न दिल्याबद्दल तिथल्या स्पर्धा नियामकाने जानेवारी २०२० मध्ये फेंडरच्या युरोपीय कंपनीला ४५ लाख पौंडांचा दंड केला होता. सामान्य ग्राहकाने यातून घ्यायचे ते इतकेच, की फलकावरील आकड्यावर फारशी घासाघीस चालत नसेल तर सेटअप, केस, तारांचा जादा संच आणि वर्षभरातील एक मोफत तपासणी या गोष्टी मागाव्यात. विक्रेत्याला त्या देणे सोपे जाते आणि आपला खर्च खरोखरच वाचतो.

मला हवे होते ते मॉडेल त्या शाखेत नव्हते, म्हणून मार्चच्या अखेरीस मी साखळीच्या संकेतस्थळावरून मागवले. मागवण्यापूर्वी परतीच्या अटी वाचल्या. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला तो लागू होत नाही. इतरत्र अशी मुदत बऱ्याचदा विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते. मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते, मूळ खोके परत द्यावे लागते का, परतीचे वाहतूकभाडे कोणाकडे, या तीन ओळी शोधून त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

खोके आले तेव्हा बाहेर थंडी होती. अशा वेळी गिटार लगेच बाहेर काढू नये. थंड लाकूड एकदम उबदार खोलीत आले तर वरच्या लेपाला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून मी ती केसमध्ये बंदच ठेवून दुसऱ्या दिवशी उघडली आणि उघडतानाचे चित्रीकरण केले. दिसायला ती निर्दोष होती. सूर लावल्यावर मात्र दुसरी तार आठव्या फ्रेटवर दाबली की खरखरत होती. लगतचा नववा फ्रेट किंचित वर आला असावा अशी शंका आली. ती तपासण्याचा सोपा मार्ग असा, की तीन फ्रेटवर एकाच वेळी टेकेल अशी छोटी सरळ पोलादी पट्टी ठेवावी. मधला फ्रेट उंच असेल तर पट्टी त्याच्यावर झुलते. ती झुलत होती, आणि खरे सांगायचे तर मला रडू आले. इतक्या दिवसांच्या वाट पाहण्यानंतर आलेले वाद्य पुन्हा खोक्यात भरणे फार जड जाते.

परतीची प्रक्रिया मात्र मी भीत होते तितकी कठीण निघाली नाही. आधी संकेतस्थळावर परतीची विनंती नोंदवून क्रमांक घ्यावा लागला. त्या अर्जात कारणांची एक यादी होती, आणि तिथे नीट विचार करून खूण करणे आवश्यक आहे. ‘पसंत पडली नाही’ असे निवडले तर परतीचे भाडे ग्राहकाकडून कापले जात होते, ‘वस्तूत दोष’ निवडला तर भाडे विक्रेत्याकडे. मी दोष निवडला, पट्टीचे छायाचित्र आणि तार खरखरतानाची छोटी ध्वनिफीत जोडली. त्यांच्याकडून आलेला कागद खोक्यावर चिकटवला, तारा थोड्या सैल केल्या, मानेखाली कागदाची गुंडाळी दिली आणि खोके वाहतूकदाराकडे देऊन पोच घेतली. गिटार त्यांच्या गोदामात पोहोचल्यावर तपासणीला सुमारे एक आठवडा आणि पैसे खात्यात यायला त्यापुढे आणखी काही दिवस लागले. रक्कम पूर्ण मिळाली. कोणीही वाद घातला नाही, परंतु प्रत्येक वेळी फोनवर नवी व्यक्ती असे आणि सगळी हकीकत पुन्हा सांगावी लागे. परतीचा क्रमांक आणि आधी बोललेल्या माणसाचे नाव हाताशी ठेवले की हा त्रास बराच हलका होतो.

त्यांनी बदली गिटार देऊ केली होती. मी ती नाकारली, कारण तोपर्यंत माझे मन पक्के झाले होते: पुढची गिटार मी अशा ठिकाणी घेणार होते जिथे विकणारा माणूस स्वतः पट्टी ठेवून पाहतो. एप्रिलच्या मध्यावर मी त्या छोट्या दुकानात गेले. दर्शनी भागात मोजक्याच गिटारी होत्या आणि मागच्या बाजूला कामाचे टेबल. दुकानदारांनी आधी मॉडेल विचारले नाही. ‘तुम्ही नेहमी वाजवता ते काहीतरी वाजवा’ असे म्हणून माझ्या हातात एक गिटार दिली आणि ते माझा डावा हात पाहत राहिले. एफ कॉर्ड (पहिल्या फ्रेटवर एकाच बोटाने तारा दाबून धरावी लागणारी सुरावट) पकडताना माझा अंगठा मानेच्या वर येतो आणि मनगट मुडपते हे त्यांनी दाखवले. ‘बोटांत जोर कमी आहे असं तुम्हाला वाटत असेल, पण या गिटारच्या ताराच नटपाशी उंच आहेत,’ असे म्हणून त्यांनी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली आणि पहिल्या फ्रेटच्या वर, तार आणि फ्रेट यांच्यामध्ये राहिलेली फट मला दाखवली. ती फट जेमतेम कागदाएवढी असायला हवी; तिथे बऱ्यापैकी उजेड दिसत होता. नटच्या खाचा पुरेशा खोल नसल्या की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जास्त जोर लागतो आणि दाबल्यावर ती ताणली जाऊन सूरही चढतो. नवशिक्यांना एफ कॉर्ड न जमण्याचे कितीतरी दोष हाताच्या माथी मारले जातात, ते खरे तर या खाचांचे असतात. हे मला कोणी आधी सांगितले असते तर किती बरे झाले असते.

मला हव्या त्या मॉडेलचा नग त्यांच्याकडेही नव्हता. छोट्या दुकानाची ही मोठी मर्यादा आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. उत्पादक कंपन्या विक्रेत्याकडून ठरावीक किमान खरेदीची अपेक्षा ठेवतात, त्यामुळे एक गिटार हवी म्हणून छोटा दुकानदार एकच मागवू शकेल असे नसते; त्याला पुढच्या मागणीत ती घालावी लागते. मला सहा ते आठ आठवडे थांबावे लागेल असे त्यांनी सांगितले, आणि प्रत्यक्षात थोडे जास्तच लागले. मी किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी आगाऊ रक्कम भरली. पावतीवर मॉडेलचे पूर्ण नाव, रंग, अपेक्षित महिना, गिटार पाहून नापसंत ठरली तर आगाऊ रकमेचे काय, आणि किमतीत सेटअप धरलेला आहे, एवढे त्यांच्याकडून लिहून घेतले. नापसंतीत रक्कम परत मिळणार नव्हती, दुकानातील दुसऱ्या मालात वळती करता येणार होती. ही अट मोठ्या साखळीच्या मानाने कडक आहे. मी ती मान्य केली, परंतु प्रत्येकाने मान्य करावीच असे मी म्हणणार नाही. ज्याला अजून आपला आकार आणि नट सापडलेला नाही, त्याने आधी शोरूमची भिंत गाठावी.

थांबण्याच्या काळात त्यांनी मला एक जुनी, वापरलेली गिटार दाखवली होती. तिचा आवाज इतका भरीव होता की मी जवळजवळ तिच्याकडेच वळले. तिची पाठ आणि बाजू ब्राझिलियन रोझवुडच्या होत्या, आणि त्याचे कागद कसे असतात हे त्यांनी स्वतःहून समजावले. दुर्मिळ जीवप्रजातींच्या व्यापारावरील साइट्स करारात हे लाकूड १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे अशी गिटार सीमेपार विकायची झाली तर परवाना लागतो. इतर रोझवुड जाती २ जानेवारी २०१७ पासून खालच्या यादीत आल्या होत्या आणि त्यांची तयार वाद्ये २६ नोव्हेंबर २०१९ पासून सवलतीत गेली, पण ब्राझिलियन रोझवुडला ती सवलत नाही. पुढेमागे परदेशात राहायला जाण्याची शक्यता असल्याने मी ती गिटार सोडली. जुनी गिटार घेणाऱ्याने लाकडाचे नाव आणि मूळ खरेदीचे कागद यांची चौकशी अवश्य करावी.

माझी गिटार जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आली. दुकानदारांनी ती लगेच दिली नाही. काही दिवस दुकानातील हवेत ठेवली आणि मग माझ्या समोर टेबलावर घेतली. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, मान जिथे शरीराला मिळते तिथे सहावी तार दाबून त्यांनी मानेच्या मध्यावर तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजली. मानेला इतकाच किंचित बाक हवा, ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास. ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) त्यांनी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला आणि तार पुन्हा सुरात लावून पुन्हा मोजले, कारण पोलादी तारांचा एकूण ताण सत्तर किलोहून अधिक असतो आणि मान त्याला हळूहळू उत्तर देते. त्यानंतर नटची एकेक खाच बारीक कानशीने दोन-तीन वेळा घासायची, तार परत बसवायची, दाबून पाहायची, असे सहाही तारांचे चालले. शेवटी बाराव्या फ्रेटवरची उंची पहिल्या तारेखाली २ आणि सहाव्या तारेखाली २.५ मिलिमीटरच्या जवळ आणून ठेवली. मग एफ कॉर्ड धरायला सांगितली. सहाही तारा पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ वाजल्या. त्या दिवशीचा आनंद अजून ताजा आहे.

उरलेली रक्कम भरल्यावर पावतीवर सिरीयल नंबर लिहून घेतला आणि तो गिटारच्या आतल्या ठोकळ्यावरील नंबराशी ताडून पाहिला. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घेतली, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर मुदतीत नोंदणी केली. सेटअप, केस आणि वर्षभरातील एक तपासणी धरून एकूण खर्च शोरूममधील किंमत अधिक तिथला सेटअप यांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी आला. हवा कोरडी झाल्यावर मानेचा बाक बदलला आणि फ्रेटची टोके हाताला बोचू लागली, तेव्हा मी त्याच टेबलावर गेले; त्यांनी टोके घासून दिली आणि केसमध्ये आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखायला सांगितले.

जुन्या गिटारच्या विक्रीतही दोन्हीकडचा फरक दिसला. शोरूममध्ये संगणकावर मॉडेल टाकून त्यांनी जागच्या जागी एक रक्कम सांगितली, ओळखपत्राची प्रत घेऊन ती लगेच मिळणार होती. छोट्या दुकानात ती विक्रीसाठी ठेवून घेतली जाणार होती, विकली गेल्यावर दुकानाचा हिस्सा वजा होऊन बाकी मला. मला घाई नव्हती, म्हणून दुसरा मार्ग घेतला. ठेवताना किमान किंमत, दुकानाचा हिस्सा, ठेवण्याची मुदत आणि दुकानात असताना गिटारला इजा झाली तर भरपाई कोण करणार, या चार गोष्टी कागदावर सही करून घेतल्या. ती ऑक्टोबरमध्ये विकली गेली आणि शोरूमने सांगितलेल्या रकमेपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त पैसे हाती आले. ज्यांना नव्या गिटारसाठी ती रक्कम लगेच हवी आहे, त्यांना मात्र इतके महिने थांबणे परवडणार नाही.